दुसऱ्याच्या घरातून चालताना



ईस्टरनंतरच्या आठवड्यात आपल्या धर्मग्रामातली काही कुटुंबं मिळून आम्ही अंदमानला जाऊन आलो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. परत आल्यापासून मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात कोणी ना कोणी थांबवतं. "टीचर, कसं झालं अंदमान? फोटो दाखवा की." फोटो मी दाखवते. पण सांगायची खरी गोष्ट फोटोत आलेली नाही, आणि आवारात उभ्याउभ्या सांगण्यासारखीही ती नाही. म्हणून आज लिहायला बसले. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मराठी माणसाला अंदमान म्हटलं की आधी सेल्युलर जेल आठवतं. ते आम्ही पाहिलं, मुलांना कोठड्या दाखवल्या, संध्याकाळचा कार्यक्रमही बघितला. मला मात्र सांगायचं आहे ते जंगलातल्या दोन-अडीच किलोमीटरच्या एका पायवाटेबद्दल, आणि त्या वाटेवरून परत आल्यावर आमच्यात जे भांडण झालं त्याबद्दल.

पोर्ट ब्लेअरला आता सरकारी नाव श्री विजयपुरम. तिथून चॅथमच्या धक्क्यावर जायचं, फेरीबोटीनं समोरच्या बांबू फ्लॅटला उतरायचं आणि जीपनं डोंगर चढायचा. हा माउंट हॅरिएट. १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरचे राजे कुलचंद्र आणि त्यांच्या साथीदारांना इथे कैदेत ठेवलं होतं, म्हणून २०२१ मध्ये त्याचं नाव माउंट मणिपूर झालं. जीपवाले अजून हॅरिएटच म्हणतात. वर वनखात्याचं नाकं आहे. ओळखपत्रं दाखवायची, नावं लिहायची आणि वाटाड्याबरोबर आत जायचं. आमच्यातल्या एका अंकलनी पाकिटातून जुनी तांबडी वीस रुपयांची नोट काढली आणि खाली दिसणाऱ्या नॉर्थ बेच्या दीपगृहाशी ताडून पाहिली. त्या नोटेच्या पाठीवरचं चित्र याच डोंगरावरून दिसणाऱ्या देखाव्याचं आहे. मुलांना ती गंमत फार आवडली.

आम्ही अठरा जण होतो. सगळ्यांत लहान सहा वर्षांचा, सगळ्यांत मोठ्या एकाहत्तर वर्षांच्या आजी, एका गुडघ्याला पट्टा बांधलेल्या. आमचा वाटाड्या चाळिशीचा, शांत माणूस, गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटासा क्रूस. मी विचारलं तर म्हणाला, "हम रांचीवाले हैं." अंदमानात छोटानागपूरकडून आलेल्यांना असंच म्हणतात. १९१८ पासून रांचीच्या कॅथलिक लेबर ब्युरोमार्फत उराँव, मुंडा, खडिया माणसं इथे जंगलतोडीच्या आणि रस्त्याच्या कामावर आणली गेली. पोर्ट ब्लेअर धर्मप्रांतात आज जे कॅथलिक आहेत, त्यांच्यात या रांचीवाल्यांची संख्या मोठी आहे. आमच्या वाटाड्याचे आजोबा असेच आले होते, हातात कुऱ्हाड घेऊन. त्यांनी तोडलेली झाडं ज्या गिरणीत चिरली गेली ती चॅथमची सॉ मिल. सकाळी फेरीबोटीला थांबलो होतो ते तिच्याच शेजारी. १८८३ पासूनची ती गिरणी आहे. आजोबांनी झाडं तोडली, नातू झाडं दाखवतो. तो हे हसत सांगत होता, पण बोलताना त्याचा तळवा एका गुर्जनच्या खोडावर टेकलेला होता.

निघण्याआधी त्यानं आम्हाला गोल उभं केलं आणि चार नियम सांगितले. माझ्या पुढं कोणी जायचं नाही. सगळ्यांत हळू चालणारा माझ्या मागं पहिला. मी हात वर केला की असाल तिथं गप्प उभं राहायचं. आणि चौथा, काही उचलायचं नाही, काही टाकायचं नाही, कारण हे कुणाचं तरी घर आहे.

आजी आणि तो सहा वर्षांचा मुलगा पहिले, मागं आम्ही सगळे. तरण्या मुलांची चुळबुळ सुरू झाली. इतक्या हळू कसं चालायचं? पण पंधरा मिनिटांत सगळी रांग एका लयीत आली. मला उत्पत्तीचा तेहतिसावा अध्याय आठवला. एसाव आपल्या माणसांबरोबर पुढं चला म्हणतो, आणि याकोब त्याला नम्रपणे सांगतो की मुलं कोवळी आहेत, जनावरं पाजती आहेत, मी त्यांच्या चालीनंच येईन. वर्गात हा भाग मी नेहमी घाईनं उरकते. भावाभावांची भेट झाली की धडा संपला. त्या वाटेवर कळलं की अख्खं कुटुंब घेऊन चालायचं असेल तर हीच एक चाल आहे.

जंगलाबद्दल काय सांगू? आपण खानापूरच्या जंगलाच्या जवळची माणसं, झाडं आपल्याला नवी नाहीत. पण हे जंगल उंचीला वेगळंच आहे. गुर्जनचं खोड मान मोडेपर्यंत सरळ वर जातं आणि फांद्या कुठं सुरू होतात तेच दिसत नाही. काही झाडांच्या बुंध्याला भिंतींसारखी आधारमुळं फुटलेली. दोन भिंतींच्या मधल्या खोबणीत आमची तीन मुलं आरामात मावली. पडौक हे इथलं मानाचं झाड. वाटाड्यानं ते दाखवलं तेव्हा मी माझ्या मुलीला सांगितलं की आपल्याकडच्या बिबळ्याचं हे चुलत भावंड. आपल्याकडं काही जण त्याला होन्ने म्हणतात, तेच ते. समुद्र ओलांडून हजारो मैलांवर ओळखीचं कोणी भेटावं तसं तिला झालं. तिनं त्या झाडाला हात जोडून "नमस्कार अंकल" म्हटलं आणि सगळे हसले.

ही बेटं म्हणजे म्यानमारच्या आराकान डोंगररांगेचंच समुद्रात बुडालेलं पुढचं टोक, शिखरं तेवढी पाण्यावर राहिलेली. मुख्य भूमीपासून तुटल्यामुळं इथं असे पक्षी आणि प्राणी आहेत जे जगात दुसरीकडं कुठंच नाहीत. वाटाड्यानं तीनदा हात वर केला. पहिल्यांदा बुलबुल, दुसऱ्यांदा एक हिरवागार सरडा, तिसऱ्यांदा काहीच नाही. आम्ही थांबलो, ऐकत राहिलो. काही आलं नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, "बस, असंच. कधी कधी नुसतं थांबायचं." आमच्या वर्गात दोन मिनिटं मौन पाळा म्हटलं तर अर्ध्या मिनिटात खुसपुस सुरू होते. तिथं अठरा जण, त्यात सात मुलं, कितीतरी वेळ गप्प उभे होते आणि कुणाला ते शिक्षेसारखं वाटलं नाही. मुलांना घेऊन सहलीला कुठं जावं असा प्रश्न पालक विचारतात. माझं उत्तर हे आहे की जाणकार वाटाड्या बरोबर घेऊन जुन्या जंगलात जा. वॉटर पार्कला नंतर जाता येईल.

वाटेच्या शेवटी काळापत्थर नावाची जागा आहे. खडक, खाली दरी, पलीकडं समुद्र. तिथं डबे उघडले. खाता खाता माझ्या मुलीनं विचारलं, "भैया, तुम्ही म्हणालात हे कुणाचं तरी घर आहे. कुणाचं?"

मला वाटलं तो पक्ष्यांचं म्हणेल. तो म्हणाला, "जिनका था, वो अब नहीं हैं."

मी इतिहास घेऊन बीए केलं आहे. अंदमानबद्दल निघण्याआधी थोडं वाचलंही होतं. पण वाचलेलं त्या खडकावर बसल्यावर वेगळं होऊन समोर आलं. दक्षिण अंदमानच्या या किनाऱ्यावर बेआ लोक राहत होते. ग्रेट अंदमानी म्हणून ज्या जमाती ओळखल्या जातात, त्यांतली ही एक. १८५८ मध्ये इंग्रजांनी इथं कैद्यांची वसाहत वसवली तेव्हा या साऱ्या जमाती मिळून काही हजार माणसं होती. १९०१ च्या जनगणनेत ती ६२५ उरली. १९६१ मध्ये १९. आज त्यांचे थोडे वंशज आहेत, पण बेआ म्हणून कोणी उरलेलं नाही. काही लढाईत मेले. १८५९ मध्ये ॲबर्डीनला धनुष्यबाण घेऊन ते बंदुकांसमोर उभे राहिले होते. पण बहुतेक मेले ते रोगांनी. उपदंश, गोवर, फ्लू. आपल्या शरीरांना पिढ्यान्‌पिढ्या सवय झालेले रोग त्यांच्या शरीरांना अनोळखी होते.

आणि यात एक गोष्ट अशी आहे की ती मला, धर्मशिक्षिकेला, घास गिळू देईना. १८६३ मध्ये रॉस बेटावर 'अंदमान होम' उघडलं ते पाद्री हेन्री कॉर्बिन यांनी, वसाहतीच्या चॅपलेननी. हेतू असा की या लोकांना जवळ आणावं, शिकवावं, त्यांच्यातलं आणि वसाहतीतलं वैर मिटवावं. जंगलातून माणसं आणली गेली, दाटीवाटीनं ठेवली गेली. वसाहतीतल्या लोकांशी त्यांचा रोजचा संबंध आला आणि रोगांना वाट मिळाली. १८७७ च्या गोवराच्या साथीत माणसं अक्षरशः गळून पडली. कॉर्बिन यांच्या मनात त्यांचं मरण होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या मनात भलंच असेल. पण त्या भल्याच्या आधी त्या लोकांना कोणी विचारलं नव्हतं.

२०१० च्या जानेवारीत पोर्ट ब्लेअरमध्ये बोआ सीनियर नावाच्या वृद्धा वारल्या. 'बो' ही भाषा बोलणाऱ्या त्या शेवटच्या. बोलायला माणूस उरला नाही म्हणून त्या पक्ष्यांशी आपल्या भाषेत बोलत, असं त्यांच्याबरोबर काम केलेल्या भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बी यांनी सांगितलं आहे. मी हे मुलांना सांगितलं. परतीच्या वाटेवर पक्षी ओरडला की मुलं आपोआप थांबत होती. कुणी हात वर करायची गरज राहिली नाही.

इथपर्यंत सगळं छान झालं. आता भांडण.

दुसऱ्या दिवशी आमच्या कार्यक्रमात बाराटांग होतं, चुनखडीच्या गुहा पाहायला. तिकडचा रस्ता, अंदमान ट्रंक रोड, जारवांच्या राखीव जंगलातून जातो. पहाटे जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा ताफा जमतो आणि पोलिसांबरोबर आत सोडला जातो. मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, खायला काही द्यायचं नाही. आमचा टूरवाला रात्री जेवणाच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "लवकर उठा हं. नशीब असेल तर जारवा दिसतील." मुलांनी टाळ्या वाजवल्या.

आणि मला माझीच एक गोष्ट आठवली. फेब्रुवारीत टूरवाल्याचं हिंदी पत्रक आलं तेव्हा चर्चच्या फलकावर लावायला त्याचं मराठी मी केलं होतं. त्यात चौथ्या दिवसासमोर मी माझ्या हातानं, सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'जारवा आदिवासी दर्शन'. दर्शन! हा शब्द आपण कशासाठी वापरतो? तो लिहिताना माझा हात अडखळला नव्हता. टूरवाल्याला दोष देण्याआधी हे मला सांगितलं पाहिजे.

मी म्हटलं, मी उद्या येत नाही. आणि का ते सांगितलं. सकाळी झाडांच्या घरातून आपण पाऊल जपून चाललो, पान उचललं नाही. उद्या माणसांच्या घरातून गाडी घालून जायचं आणि काचेला नाक लावून बघायचं? २०११ च्या जनगणनेत जारवा होते ३८०. आपल्या एका धर्मग्रामाहून कमी. १९९७-९८ पर्यंत ते बाहेरच्यांना जवळ येऊ देत नव्हते. नंतर ते जंगलाबाहेर येऊ लागले आणि १९९९ मध्ये लगेच गोवराची साथ आली. तोच गोवर. दिवसभर आपण ज्यांच्याबद्दल हळहळलो, त्यांच्याच मार्गावर हे आहेत.

मग बोलणी सुरू झाली. ती मी इथे देते, कारण ती खोटी नव्हती आणि तुमच्याही मनात येतील.

एक जण म्हणाले, रस्ता सरकारनं उघडा ठेवलाय, आपण काय चोरून जाणार आहोत? खरं आहे. राखीव जंगलातून जाणारा रस्ता बंद करावा असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये दिला होता. तरी रस्ता चालू आहे. रंगत, मायाबंदर, दिगलीपूरच्या लोकांना दवाखान्याला, बाजाराला तो लागतो आणि त्यांच्याबद्दल मला एक शब्द बोलायचा नाही. पण आपलं तिथं काय अडलं होतं? गरजेनं जाणारा आणि मौजेनं जाणारा एकाच गाडीत बसले म्हणून दोघांचं जाणं एक होत नाही. २०१२ मध्ये त्या रस्त्यावरच्या जारवा स्त्रियांना पर्यटकांसमोर नाचायला लावल्याची चित्रफीत बाहेर आली तेव्हा देशभर संताप झाला. नाचायला लावणारे वाईटच. पण बघायला गर्दी होती म्हणून ते घडलं, आणि त्या गर्दीतल्या प्रत्येकाला वाटलं असेल की आपण तर नुसते बघतोय.

दुसऱ्या म्हणाल्या, पैसे भरलेत. तेही खरं. परत मिळणार नव्हते आणि मिळाले नाहीत. आमच्या घरी त्यावरून अजून अधूनमधून विषय निघतो.

तिसरा प्रश्न मात्र असा होता की मी गप्पच झाले. आपल्यातले एक ज्येष्ठ, ज्यांच्या प्रार्थनाशील जीवनाबद्दल मला मनापासून आदर आहे, ते म्हणाले, "टीचर, तुम्ही मुलांना शिकवता की प्रभूनं सर्व राष्ट्रांत जायला सांगितलंय. मग या लोकांजवळ कोणीच जायचं नाही? त्यांना शुभवर्तमान कधी कळणार?"

त्यांच्या मनात काय होतं ते आम्हा सगळ्यांना कळलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये जॉन ॲलन चाऊ हा अमेरिकन तरुण ख्रिस्ताची वार्ता सांगायला म्हणून नॉर्थ सेंटिनल बेटावर कायदा मोडून उतरला आणि बाणांनी मारला गेला. कुणी त्याला हुतात्मा म्हणालं, कुणी मूर्ख. मी त्याला यातलं काहीच म्हणणार नाही. त्याचं प्रेम खरं असेल. पण आधीच्या भेटीत त्याला बाण लागला होता, तो त्याच्या बायबलला. पलीकडून उत्तर आलं होतं. 'नाही' हेही उत्तर असतं. आणि त्याच्या श्वासातून एखादा रोग तिथं पोचला असता, तर ज्यांच्यासाठी तो जीव द्यायला निघाला होता त्यांचाच जीव गेला असता. कॉर्बिन यांच्या होमपासून दीडशे वर्षं झाली, तरी चांगल्या हेतूला विचारायची सवय लागलेली नाही.

त्या रात्री मला उत्तर सुचलं नाही. झोपही लागली नाही. ईस्टरचा आठवडा होता. उशाशी शुभवर्तमान होतं, संत लूकचा चोविसावा अध्याय काढला. अम्माऊसची वाट. आपल्याला पाठ आहे. दोन शिष्य चालले आहेत, तिसरा येऊन मिळतो आणि सगळा रस्ता त्यांच्या चालीनं चालतो. ते काय म्हणतात ते आधी ऐकून घेतो, मग बोलतो. हे सगळं मी मुलांना शिकवलं आहे. पण गाव आल्यावर काय होतं, तिकडं माझं कधी लक्ष गेलं नव्हतं. तो पुढं निघतो. पुनरुत्थित प्रभू, ज्याच्यापुढं बंद दारंही अडत नाहीत, तो त्या घराच्या दारावरून पुढं जायला निघतो. ते दोघं आग्रह करतात, तेव्हा आत जातो. मग भाकर मोडली जाते आणि डोळे उघडतात. आग्रह झाला नसता तर तो पुढं गेला असता, असंच मला वाटतं.

याच शुभवर्तमानात नवव्या अध्यायात एक शोमरोनी गाव त्याला घेत नाही. याकोब आणि योहान यांना राग येतो, त्या गावावर स्वर्गातून आग मागवायची भाषा करतात. प्रभू त्यांनाच दटावतो आणि दुसऱ्या गावाची वाट धरतो. पाठवतानाही त्यानं शिष्यांना हेच शिकवलं की जे घर घेणार नाही तिथून पायांची धूळ झटकून निघा. घुसा असं त्यानं कुठं सांगितलेलं मला सापडलं नाही.

मग तारणाचं काय? इथं मी माझ्या मनाचं सांगत नाही, ख्रिस्तसभेची शिकवण सांगते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ च्या 'लुमेन जेन्सियुम' या दस्तऐवजात, सोळाव्या परिच्छेदात, स्पष्ट केलं आहे की स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना शुभवर्तमान कळलेलं नाही, पण जे प्रामाणिक मनानं देवाचा शोध घेतात आणि सद्‌सद्विवेकाला धरून जगतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. आपण पोचलो नाही म्हणून देव तिथं पोचलेला नाही, असं मानणं हा आपला अहंकार आहे. त्या जंगलात तो आपल्या आधीपासून आहे. गरज पडलीच तर तो आपल्याला बोलावणं पाठवेल, आणि ते बोलावणं त्या लोकांच्या तोंडून येईल.

सकाळी साडेतीनला अठरापैकी दहा जण बाराटांगला गेले. आठ जण राहिलो. राहिलेल्यांना घेऊन मी बोटीनं रॉस बेटावर गेले. तिथल्या पडक्या चर्चच्या भिंतींना वडा-पिंपळाच्या जातीच्या मुळांनी सगळीकडून कवटाळलं आहे. छप्पर नाही, वेदी नाही. मुलांनी विचारलं, इथं प्रार्थना करायची का? आम्ही उभं राहून एक 'आमच्या बापा' म्हटली. जे लोक गेले त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी चांगल्या हेतूनं चुका केल्या त्यांच्यासाठी.

आम्ही आठ पुण्यवान आणि ते दहा पापी असं कृपा करून समजू नका. आम्हीही विमानानंच गेलो होतो, हॉटेलात पाणी वापरलंच, आणि तो शब्द फलकावर लिहिणारी तर मीच. संध्याकाळी ते ज्येष्ठ परत आले ते माझ्याशेजारी येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एक बाई दिसली रस्त्याकडेला. कडेवर मूल होतं. गाडीत सगळे उठून उभे राहिले. तिनं आमच्याकडं बघितलं, आणि मला वाटलं, ही माझ्या घरात येऊन मला असं बघत असती तर? मी मान वळवली." एवढंच म्हणाले. मीही काही बोलले नाही.

आता सुट्ट्यांचे दिवस आहेत. धर्मग्रामांच्या सहली निघतील, तरुणांची शिबिरं निघतील. अंदमानच कशाला, आपल्या भीमगडच्या जंगलातही वाड्या आहेत, माणसं आहेत. म्हणून सहली ठरवणाऱ्यांना माझं सांगणं आहे. मुलांना जंगलात जरूर न्या. आजी-आजोबांना घरी ठेवू नका, त्यांच्याच चालीनं चाला. तिथलाच माणूस वाटाड्या घ्या, त्याला नीट पैसे द्या आणि त्याचं ऐका. कार्यक्रमपत्रिका वाचताना 'दर्शन', 'सफारी' असे शब्द आले की थांबून विचारा, कुणाचं? जिथं माणसं राहतात तिथं बोलावणं असेल तर जा. कुणी ओट्यावर बसा म्हटलं तर बसा, पाणी दिलं तर प्या. बोलावणं नसेल तर वाट वाकडी करा. न विचारता कुणाच्या दारातला, कुणाच्या मुलाचा फोटो काढू नका. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी आता हा धडा घेते, आणि सुरुवात फलकावरच्या माझ्या अक्षरापासून करते.

प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू आमच्याबरोबर आमच्या चालीनं चालतोस आणि आमच्या दाराशी आमच्या होकाराची वाट पाहतोस. तुझा तो धीर आम्हालाही दे. ज्या घरात आम्हाला बोलावलेलं नाही, त्या घरासमोरून मान खाली घालून, आशीर्वाद देत पुढं जायला आम्हाला शिकव. तुझ्या जंगलांना आणि त्यांच्यातल्या तुझ्या लेकरांना सांभाळ. आमेन.